केटीने बुडवलेलं बोट

"तिने बोट बुडवून पाहिलं, पाणी बर्फासारखं गार आहे हे तिला कळलं, आणि तरीही तिने ते नवऱ्याच्या मानेवरून आत ओतलं."

हे वाक्य आमच्या नोरक्लिट गावात चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुजलं गेलं, मासळीच्या लिलावघरात कुजबुजलं गेलं, आणि बेकरीवाली मागनहिल्ड तर ते पावाबरोबर फुकट वाटायची. गिऱ्हाईक नवं असलं तर थोडं मीठ जास्त. "ओतताना हसली हो ती. मी स्वतः पाहिलं." मागनहिल्ड त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हतीच. घोटा मुरगळून घरी पाय वर करून बसली होती. पण गावाचं तोंड बंद करायला झाकण अजून कोणी बनवलेलं नाही.

मी होतो किनाऱ्यावर. हातात कॉफीची किटली घेऊन, सगळ्यांत पुढे. लिलावघरात चाळीस वर्षं ओरडून माझा आवाज मोठा झालेला, म्हणून आमच्या हिवाळी शर्यतीचा पंच मी. केटीला मी तिच्या लग्नाच्या आधीपासून ओळखत होतो. आता ती चर्चमागच्या दफनभूमीत झोपली आहे, तिचं ऐकायचं मी पुरेसं ऐकलं, तेव्हा आता बोलतो.

सुरुवात तिच्या नवऱ्यापासून, व्हेर्नरपासून करायला लागेल. केटीची कुठलीही गोष्ट व्हेर्नरपासूनच सुरू व्हायची, हेच तर तिचं दुखणं.

जर्मन लोक पहिल्यांदा गाड्यांच्या टपावर फळ्या बांधून आमच्या किनाऱ्यावर आले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. फळीवर शीड लावायचं, दांडीला लोंबकळायचं आणि वाऱ्याबरोबर कुठेही न जाता परत यायचं. मासे नाहीत, भाडं नाही. व्हेर्नर सगळ्यांत मोठ्याने हसला आणि त्याच उन्हाळ्यात त्याने टोपलीभर धुरावलेले ईल मासे देऊन एका जर्मनाची जुनी फळी घेतली. बाप कोळी, आजा कोळी, हा मात्र होडी विकून बंदरावर क्रेन चालवायचा. समुद्राची खाज गेलेली नव्हती.

उन्हाळा संपला, जर्मन गेले. व्हेर्नर राहिला. हिवाळ्यातलाच वारा खरा, असं त्याचं म्हणणं. ते खरंही आहे. जानेवारीतला वारा जड असतो, शिडाला खांदा लावून ढकलतो. पण माणसालाही ढकलतो. थंडीत फळीवर आधी बोटं जातात आणि बोटांच्या मागोमाग अक्कल जाते. पहिल्या हिवाळ्यात एकदा केटी बाजारातून आली तर हे महाशय स्वतःच्याच दारात, काळ्या रबरी सूटमध्ये, दातांत किल्ली धरून बसलेले. किल्ली कुलपात घालता येईना, पाठीवरची चेन ओढता येईना.

"आत का नाही गेलास?" केटीने विचारलं.

"हवा खातोय," व्हेर्नर म्हणाला. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलत नव्हते.

दुसरी एखादी म्हणाली असती, पेटवून दे ती फळी. केटीने दुसऱ्या दिवशी सासूकडून मोठा दुधाचा कॅन आणला.

त्या दिवसापासून व्हेर्नर फळीवर आणि केटी किनाऱ्यावर. तिने हळूहळू सगळं शास्त्रच बसवलं. सूट शेडमध्ये टांगायचा नाही, शेगडीजवळ टांगायचा. निघण्याआधी बुटांत आणि हातमोज्यांत गरम पाणी ओतायचं, म्हणजे आत आधी ऊन पाणी भरतं आणि समुद्राला जागा उरत नाही. तोंडाला मेंढीच्या लोकरीची चरबी. आमच्याकडच्या कोळ्यांच्या लोकरी हातमोज्यांना दोन अंगठे असतात, एक बाजू झिजली की मोजा उलटा करून घालायचा. केटीने व्हेर्नरसाठी एकाच अंगठ्याचे विणले. तळव्याला पातळ, म्हणजे दांडी मुठीत नीट बसते आणि मनगटं भरून येत नाहीत; पाठीला जाड. मग ते खाऱ्या पाण्यात मळून मळून घट्ट केले.

म्हाताऱ्या बायकांना तो धर्मद्रोह वाटला. "एकच अंगठा? नवऱ्याचा दुसरा अंगठा तूच दाबून ठेवलायस वाटतं, केटी!"

"दोन अंगठे तुमच्या नवऱ्यांना," केटी म्हणायची. "एकाने काही जमत नाही त्यांना."

आणि कॅन. उकळतं पाणी भरलेला कॅन सुकं गवत गच्च भरलेल्या पेटीत आडवा निजवायचा, वर पिसांची उशी. याच पेटीत आमच्या आया भाताची खीर दिवसभर शिजत ठेवायच्या. पेटी सायकलच्या मागे बांधून केटी किनाऱ्यावर यायची. व्हेर्नर परत आला की कॅन काढायचा, झाकण उघडायचं, थोडं गार पाणी मिसळायचं, त्यात आपलं बोट बुडवून अंदाज घ्यायचा, मान हलवायची, आणि मग त्याच्या मानेवरून, सूटच्या गळ्यातून धार आत सोडायची. तेव्हा व्हेर्नरच्या तोंडातून जो आवाज निघायचा तो मी इथे लिहीत नाही. चर्चची मंडळी वाचतील.

हे सगळं उघड्या हातांनी. मोजे घालून चेन ओढता येत नाही, ओली गाठ सुटत नाही. त्याचे ओले मोजे ती पिळायची, आणि त्याची गार पडलेली बोटं आपल्या कोटाच्या आत काखेत घ्यायची. तो पाच मिनिटांत माणसात यायचा. ती तिथेच, वाऱ्यात, ओल्या हातांनी, पेटी आवरत. तो फळी घेऊन पुन्हा पाण्यात गेला की ती पुन्हा उभी. तिला कोणी कधी विचारलं नाही, बाई, तुझं काय? मीही नाही. आम्ही सगळे समुद्राकडे बघायचो.

आमच्याकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ध्या हिवाळ्याचा सण असतो. त्या दिवशी असा वारा सुटावा की अठरा म्हाताऱ्यांनी धरूनही एकोणिसावी म्हातारी जमिनीवर राहू नये; मग वर्ष चांगलं जातं, असं जुनं बोलणं आहे. फळीवाले वाढले तशी याच सणाला शर्यत सुरू झाली. बंदराच्या धक्क्यापासून खडकांपलीकडच्या तरंगत्या बोयाला वळसा घालून परत, असे फेरे. मधे एकदा किनाऱ्यावर थांबायची परवानगी, आपल्या माणसाकडून गरम पाणी घ्यायला. पण पहिला येणारा जिंकत नाही. आम्ही एवढे सरळ नाही. शेवटी किनाऱ्यावर उभं राहून काठोकाठ भरलेला कॉफीचा कप प्यायचा, थेंब न सांडता. ज्याचे हात थरथरले तो बाद, मग तो कितीही आधी येवो. वेग कोणालाही येतो हो. ऊब घेऊन परत येणं, ते कठीण.

जिंकणाऱ्याचं नाव खानावळीतल्या फळ्यावर कोरतात. त्या फळ्यावर व्हेर्नर, व्हेर्नर, व्हेर्नर, मधेच एक नॉर्वेचा पाहुणा, आणि पुन्हा व्हेर्नर. केटीचं नाव कुठे? फळा लहान होता म्हणे.

एकदा जिल्ह्याच्या पेपरात त्याची मुलाखत आली. "थंडी ही मनात असते," असं त्याने सांगितलं होतं. "हे रक्तात असावं लागतं." मी तो पेपर घेऊन दुकानात केटीला गाठलं. मला राहवतं का? मोठ्याने वाचून दाखवलं.

केटीने बटाटे तोलत शांतपणे ऐकलं. "मनात असते का?" ती म्हणाली. "मग उद्या कॅनही मनातच नेते."

नेला मात्र सायकलवरच. कारण, आणि हे तिने कधी तोंडाने कबूल केलं नाही, त्या किनाऱ्यावरची ती वीतभर जागाच तिची होती. मूलबाळ नाही. घरात व्हेर्नर रेडिओशी बोलायचा. पण पाण्यातून बाहेर येताना तो किनाऱ्यावर नजर फिरवून तिला शोधायचा. जगात कोणीतरी आपल्याला शोधतंय, एवढ्यावर काही बायका जन्म काढतात. मूर्खपणा आहे. पण मूर्खपणात ऊब असते.

मग युट्टे आली. ओल्बोर्ग शहरातून. चाळिशीची, लाल जाकीट, दात असे की जाहिरातीला द्यावेत. तिने बंदरासमोर फळ्यांचं आणि रबरी सूटचं दुकान टाकलं. कानामागून आली आणि तिखट झाली. तिला गिऱ्हाईक हवं होतं, आणि नोरक्लिटमध्ये थंडीवर बोलायचं तर तोंड एकच, व्हेर्नरचं. तिने त्याला परदेशी हातमोजे फुकट दिले, मापाचा सूट फुकट दिला.

"त्या लोकरीत तू आजोबा दिसतोस," ती त्याला खानावळीत म्हणाली. आम्ही सगळे तिथेच दारू घातलेली कॉफी पीत बसलेलो. कपाच्या तळाला नाणं टाकायचं, ते दिसेनासं होईपर्यंत कॉफी ओतायची, ते पुन्हा दिसेपर्यंत दारू ओतायची. अशा वेळी कान जरा जास्तच उघडे असतात.

व्हेर्नर लाजला. पासष्टीला टेकलेला गडी, कानापर्यंत लाल झाला. मग वळून, सगळ्यांसमोर, बायकोला म्हणाला, "या वर्षी बघू तुझ्या पाण्याने काय होतं. नाही जमलं तर पुढच्या वर्षापासून युट्टे उभी राहील म्हणतेय."

"उभी राहील?" केटी म्हणाली. "ती तर गाडीत हीटर लावून बसते."

खानावळ हसली. युट्टेही हसली, दात दाखवायची संधी ती सोडत नसे. केटीने कप उचलला, पण दोन्ही हातांनी, लहान मूल उचलतं तसा. तिच्या कोटाची बटणं जाऊन तिथे दोरीचा फास आला होता. मला वाटलं, चला, युट्टेच्या धास्तीने केटीलाही फॅशन सुचली.

सणाचा दिवस उजाडला तो एकोणिसाव्या म्हातारीला घेऊन जाणाराच. वायव्येचा वारा, वाळू गालावर दाणे फेकल्यासारखी. केटी पेटी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. थोड्या अंतरावर युट्टेची गाडी, काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या.

व्हेर्नर लोकरी मोजे घालूनच उतरला. तेवढी लाज त्याला होती, किंवा तेवढी अक्कल. पहिले फेरे त्याने देखणे मारले, खोटं कशाला बोलू. मग मधल्या थांब्याला आला. फळी वाळूवर टाकली, केटीपुढे पाठ करून गुडघ्यावर बसला, मान वाकवली. नेहमीसारखा. कोकरू बसतं तसा.

केटीने पेटीतून कॅन काढला. त्या वाऱ्यात वाफ असली काय, नसली काय, दिसत नाही. बाहेर पडायच्या आत फाटून जाते. तिने गार पाण्याची बाटली घेतली, थोडं मिसळलं. मग सगळ्यांच्या देखत उजव्या हाताचं बोट कॅनमध्ये बुडवलं. चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत. क्षणभर धरलं. मान हलवली. आणि ओतलं.

तो आवाज नेहमीचा नव्हता. डुकराच्या मानेवर सुरी ठेवल्यावर येतो तो आवाज होता. व्हेर्नर उडून उभा राहिला, दोन्ही हातांनी छाती धरून. "बर्फ आहे! बर्फ आहे हे!" केटी कॅन धरून तशीच उभी. तिने कॅनमध्ये पाहिलं, मग आपल्या बोटाकडे पाहिलं.

तो हट्टी. पुन्हा पाण्यात गेला. फेरे पुरे केले, पहिलाही आला. मी कप भरला, काठोकाठ, हात आखडता न घेता; पंच म्हणजे पंच. त्याने कप धरला आणि कॉफी कपातून निघून दाढीत, छातीवर, माझ्या बुटांवर. अर्धा कपसुद्धा तोंडापर्यंत गेला नाही. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "थंडी मनात असते ना, व्हेर्नर?" आणि त्या वाऱ्यातही ते सगळ्यांना ऐकू गेलं.

युट्टे गाडीतून उतरली, थर्मास आणि चंदेरी चादर घेऊन. त्याला गुंडाळलं, गाडीत बसवलं. दार बंद होण्याआधी व्हेर्नर केटीवर ओरडला, "बोट घालून पाहिलंस! सगळ्यांनी बघितलं! बोट घालून पाहिलंस आणि ओतलंस!"

झालं. वाक्य तयार झालं. संध्याकाळपर्यंत ते बेकरीत पोचलं आणि मागनहिल्डने त्याला मळून, फुगवून, भट्टीत घातलं. नवरा हातचा जातोय दिसल्यावर बायकोने सूड घेतला. सगळ्या गावासमोर. काय डोकं! काय काळीज!

व्हेर्नर ईस्टरच्या आधी युट्टेकडे राहायला गेला. कारण आयतं मिळालं होतं: "जी बाई असं करू शकते तिच्या हातचं जेवण मी कसं खाऊ?" लोकांना पटलं. आधीपासून तो तिच्याकडे किती वेळा जात होता हे मला विचारा. पण ते कोणी विचारलं नाही.

आणि गंमत बघा. केटीला गावात मान आला. ज्या बाईला जन्मभर कोणी रांगेत पुढे घेतलं नव्हतं, तिच्यासाठी बेकरीत वाट मोकळी व्हायला लागली. मागनहिल्ड तिला ताजा पाव द्यायची, वर "थंडी फार आहे नाही?" असं गोड बोलायची. खानावळीत ती आली की पुरुष कॉफीत बोट बुडवून बघायचे आणि एकमेकांना डोळे मारायचे. पण तिच्या पाठीमागे. तोंडावर हिंमत नव्हती कोणाची. केटी सरळ चालायची. नाकारलं नाही, कबूल केलं नाही.

मला मात्र चैन पडेना. सूड घेतला तर घेतला, पण मला तो तिच्या तोंडून ऐकायचा होता. अशी मेजवानी दुसऱ्याच्या हातची खाण्यात मजा नाही. एका दुपारी चांगले दोन चपटे मासे कागदात गुंडाळून मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

"कशाला आलायस ते ठाऊक आहे," केटी म्हणाली. "मासे ठेव तिकडे."

"मी काय, सहज आलो."

"तू सहज शिंकतही नाहीस, आंकर."

भट्टीत राय धान्याचा काळा पाव होता. चौकशी कुठून सुरू करावी याचा विचार करत मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तिने भट्टीचं दार उघडलं आणि लोखंडी साचा बाहेर काढून टेबलावर ठेवला. सावकाश, जागा बघून. मग मला वास आला. पावाचा नव्हता तो.

"केटी! हात!"

तिने हाताकडे पाहिलं. फडकं खुंटीवरच होतं. बोटांवर पांढरे पट्टे उठले होते, एका ठिकाणी कातडी साच्याला चिकटून राहिली होती. ती ओरडली नाही. दुसऱ्याचा हात बघावा तसा बघत राहिली, जरा वैतागून. मग नळाखाली धरला. गार की गरम, कुठला नळ सोडलाय हे तिला डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं.

सूड वगैरे मी विसरलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी बोटं पांढरी पडायची, मग दुखायची. दुखत होती तोवर बरं होतं." ती पाठमोरीच बोलत होती. "डॉक्टरला सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं. गावाला म्हणजे तुला. मग त्याला. मग त्याने कॅन कोणाच्या हातात दिला असता?"

"दिलाच की आता."

"दिलाच," ती म्हणाली.

"मग सांगत का नाहीस? लोक काय काय बोलतात तुझ्याबद्दल!"

ती वळली. हसली, पण ते हसू मला नको होतं. "दुष्ट म्हणतात. म्हणू देत. तीस वर्षं तिथे उभी राहिले, कोणी काहीच म्हणालं नाही. आता निदान घाबरतात. खरं सांगितलं तर 'बिचारी' म्हणतील, आणि मागनहिल्ड सूप घेऊन येईल." तिने मला ओला हात दाखवला. "तिचं सूप प्यायलंयस कधी? त्यापेक्षा दुष्ट बरी."

मी गप्प राहायचं वचन दिलं आणि, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, ती असेपर्यंत पाळलं. व्हेर्नर अजून आहे. ओल्बोर्गला युट्टेच्या फ्लॅटमध्ये विजेची गोधडी पांघरून असतो आणि भेटायला येणाऱ्याला सांगतो की बायको त्याला मारायला निघाली होती. त्याची बोटं अजून चांगली चालतात. पत्ते पिसतो.

त्या दिवशी कॅनचं झाकण नीट बसलं नव्हतं. पाणी वाटेत गवतात झिरपलं, उरलं ते गार झालं. केटीच्या बोटांना ना झाकण कळलं, ना पाणी.